नवऱ्याचे रुमाल आणि करोंदची भट्टी

भोपाळच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "शैलाताई, या वर्षी तुम्ही लिहायचं. एका उद्योजिकेची भरारी, असं काहीतरी." मी म्हटलं, भरारी वगैरे काही मारली नाही हो मी. चौदा वर्षं लोकांच्या धुराड्यांना नाक लावून उभी राहिले, त्यावर लिहू का?  मग म्हणाल्या, "चालेल, पण प्रेरणादायी लिहा." ज्याला प्रेरणा हवी असेल त्याने ती घरून घेऊन यावी. मी जे झालं ते लिहिते.

आधी धंदा काय होता ते सांगते, कारण पिपलानीतल्या आमच्या शेजारणींना अजूनही वाटतं की मी चिमण्या झाडायचे. राज्यं नव्याने आखली तेव्हा माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, मी इथल्या मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथे आलेला कोळसा नि तेल तपासून त्यांना मार्क द्यायचे, एवढंच काम. पुष्कळ वर्षं दुसऱ्याच्या कोळशाला मार्क दिल्यावर मला कंटाळा आला आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच महिन्यात कारखान्यातले फिटर हरिप्रसादजी निवृत्त झाले. हे बरखेड्याला राहणारे गृहस्थ. हातात कानस दिली तर लोखंडाला बोलतं करतील, आणि तोंड उघडलं तर समोरच्याला गप्प करतील. आम्ही दोघांनी औद्योगिक वसाहतीत एक शेड घेतली आणि पाटी लावली, 'निर्धूम'. छोट्या कारखानदारांनी स्वतः संशोधन करावं म्हणून सरकारची एक योजना होती, तिच्यात अर्ज भरला. अर्जात रकाना होता, 'आपल्या कल्पनेतील नावीन्य.' हरिप्रसादजी म्हणाले, "लिख दीजिए मैडमजी, कि काम करेगी." त्यांच्या मते सरकारी योजनेत एवढं नावीन्य पुरेसं होतं.

आता धूर. धूर म्हणजे दुसरं काही नाही, जळायचं राहून गेलेलं सरपण. ओलं लाकूड घातलं, हवा कमी पडली, की ते अर्धवट जळतं आणि उरलेलं काळं होऊन वर जातं. म्हणजे उपाय दोन. एक, सरपणच असं द्यायचं की ते पुरतं जळेल. दोन, तरीही जे वर जाईल ते पाण्याने धुऊन काढायचं. आम्ही दोन्ही करायचो. धान्याच्या मंडीतल्या भुशाचे दाबून गट्टे पाडायचे, ते लाकडाऐवजी जाळायचे. आणि भट्टीवर एक पत्र्याचं पिंप बसवायचं, त्यात वरून बारीक फवारे. धूर खालून शिरतो, आंघोळ करून वरून निघतो. पाण्यात थोडा चुना टाकायचा, म्हणजे धुरातला आंबटपणा मरतो. त्या चुन्यातला चिमूटभर हरिप्रसादजी रोज तंबाखूला काढून घ्यायचे आणि वर म्हणायचे की बाजारच्या चुन्यापेक्षा हा बरा, याची तपासणी झालेली आहे.

पण हे गिऱ्हाइकाला पटवायचं कसं? मी सुरुवातीला आकडे सांगत असे. एका घनमीटर हवेत इतके मिलिग्रॅम कण. एक बेकरीवाला सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बहनजी, इतना तो हमको नमक भी नहीं लगता." त्या दिवसापासून मी आकडे सोडले आणि रुमाल धरला. पांढरा रुमाल ओला करायचा, चिमट्यात धरून धुराड्याच्या तोंडाशी साठ मोजेपर्यंत ठेवायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. काळा कुळकुळीत रुमाल हातात आला की माणूस तो उलटसुलट करतो. मग दर वेळी, न चुकता, तो एकच वाक्य बोलतो, "रूमाल पहले से मैला होगा." चौदा वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते मला आमच्या धंद्याचं घोषवाक्य वाटायला लागलं होतं. मी शांतपणे पर्समधून दुसरा रुमाल काढायचे.

रुमाल अर्थातच नवऱ्याचे. अरविंद मूळचे इंदूरचे, रुमालाच्या बाबतीत फार हळवे. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने 'अ' भरून दिला होता. तो 'अ' मी भोपाळातल्या निम्म्या भट्ट्यांवर काळा करून आणला. "शैला, तू बाजारातून डझनभर आणत का नाहीस?" असं ते विचारायचे. बाजारचे रुमाल टेरिकॉटचे असतात, पाणी धरत नाहीत, काजळी नीट बसत नाही, हे मी त्यांना शास्त्रीयदृष्ट्या समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या आईने शास्त्रासाठी भरतकाम केलं." आणि नाक पुसायला नॅपकिन घेऊन गेले.

अशा एका सकाळी शेडवर बाबूलाल आला. करोंदच्या मंडीजवळ त्याचं दुकान. पहाटेपासून पोहे, जिलबी, कचोरी. खाणारे म्हणजे मंडीतले हमाल, ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी आणि अडते. पन्नाशीचा, पोट सुटलेला, जात्याच घाबरट माणूस. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि म्हणाला, "मैडमजी, मेरी अम्मा को बचा लो."

मला वाटलं, चुकून दवाखान्याऐवजी इथे आला. पण तसं नव्हतं. अम्माजी दुकानाच्या माडीवर राहत होत्या, बरोबर भट्टीच्या डोक्यावर. वय ऐंशीच्या घरात, आणि छाती खराब. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या धुरात ठेवलंत तर हा हिवाळा निघणार नाही. बाबूलालची बहीण सरोज इटारसीला. तिने ठरवून टाकलं होतं, धनतेरसला गाडी घेऊन यायचं आणि अम्माला कायमचं घेऊन जायचं. अम्माजींना जायचं नव्हतं. ती भट्टी त्यांनी नवऱ्याबरोबर स्वतःच्या हातांनी लिंपलेली. "इटारसीत माझं कोण ओळखीचं आहे, रेल्वेचे डबे?" असं त्या म्हणायच्या. धनतेरसला साडेतीन महिने होते.

मी म्हटलं, "अहो, मग त्यात एवढं काय? गॅस घ्या."

बाबूलाल खुर्चीतून उठलाच. आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाला, "मैडमजी, हमारे यहाँ वो शब्द नहीं बोलते."

भोपाळात राहणाऱ्याला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रात्री करोंदजवळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून या शहरात विषारी वायू पसरला, माणसं झोपेतून उठून पळत सुटली, आणि फार माणसं पळता पळता पडली. त्याला इथे सगळे नुसतं 'गॅस' म्हणतात. अम्माजी दोन लेकरांना घेऊन पळाल्या आणि वाचल्या. पण तेव्हापासून त्या घरात सिलिंडर शिरला नाही की तो शब्द शिरला नाही. नातसून माहेरी स्वयंपाक कशावर करते हे त्यांच्यापासून लपवलेलं होतं. सिलिंडरला घरात 'वो चीज़' म्हणत.

म्हणजे बघा. शहरातला सगळ्यात सोपा उपाय दारात उभा, आणि तो आत येऊ शकत नाही. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. माझ्यासारख्या संशोधकाला सोपा उपाय बंद झाल्याशिवाय विचारतो कोण?

पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा अम्माजी माडीच्या खिडकीमागे बसलेल्या. खिडकी बंद आणि तिच्या फटींतून जुन्या साड्यांच्या चिंध्या घट्ट कोंबलेल्या. वर गेल्यावर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. लहानशा, वाळक्या, पांढऱ्या साडीतल्या बाई. आवाज मात्र खणखणीत. "तू काय करतेस?" मी म्हटलं, धूर धुते. "धूर धुतेस? आणि वाळत कुठे घालतेस?" बाबूलालने घाईघाईने सांगितलं की मैडम मराठी आहेत. "दिख रहा है," अम्माजी म्हणाल्या. त्या दिवसापासून माझं नाव मराठिन.

त्यांची एक तक्रार मात्र वेगळी होती. धुराबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी माझी साडी माझ्या गच्चीवर वाळत घातली नाही. शेजारच्या शर्मांच्या गच्चीवर घालते. शर्माची सून दर वेळी तोंड वाकडं करते." मी मनात नोंद केली नाही. त्यांच्या छातीचं मी बघत होते, साडीचं कुठे बघणार?

आम्ही गट्ट्यांपासून सुरुवात केली. करोंदच्या मंडीत सोयाबीनचा भुसा आणि हरभऱ्याचं कुटार फुकट पडलेलं असतं. ते दाबून गट्टा पाडायला काहीतरी चिकट लागतं. मी पुष्कळ विचार केला, वह्या भरल्या, आणि गुळाची मळी निवडली. मळी चांगली जळते, स्वस्त असते, गट्टा दगडासारखा होतो. शंभर गट्टे पाडून बाबूलालच्या मागच्या अंगणात वाळत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहते तर अंगणात मंडीचे दोन सांड आणि एक गाय समाधानाने उभे. गट्टा एक शिल्लक नाही.

मी कपाळाला हात लावला. भुसा, कुटार आणि गूळ. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या बाईने तीन आठवडे खपून उत्तम पशुखाद्य तयार केलं होतं. हरिप्रसादजी गंभीरपणे गाईच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "मैडमजी, पूरा जल गया. राख भी नहीं बची." एका गवळ्याने तर विचारलंही, "मैडम, हा माल कुठे मिळतो? म्हशींना लागेल." मी त्याच्यावर वसकले. आज वाटतं, वसकायला नको होतं. तो धंदा चालला असता.

मग चिकटवायला काय? मैद्याची खळ म्हटलं तर तीही गाईंना चालेल. हरिप्रसादजींनी दोन दिवस तंबाखू मळत विचार केला आणि म्हणाले, "गोबर. अपना गोबर गाय नहीं खाती." शेण आणि थोडी काळी माती. राख जरा जास्त पडते, पण गट्टा पुरता जळतो आणि रात्रभर अंगणात सुखरूप राहतो. योजनेच्या अहवालात मी लिहिलं, 'बंधक द्रव्यात सुधारणा केली.' का केली ते लिहिलं नाही.

पिंपाने फार छळलं. फवाऱ्याच्या तोट्या मंडीतल्या औषध फवारणीच्या दुकानातून आणल्या, त्या काजळीने तुंबायच्या. पंखा जोरात लावला तर भट्टीचा जाळच वर ओढला जायचा आणि जिलब्या कच्च्या राहायच्या. हळू लावला तर धूर दुकानात. हमाल लोक पोह्यांची प्लेट हातात घेऊन आमचं काम पाहायचे आणि सल्ले द्यायचे. एकदा पाण्याची नळी सुटली आणि पिंपातलं काळं पाणी सरळ पाकाच्या कढईत. बाबूलाल खाली बसला. मीही बसले. माडीवरून आवाज आला, "मराठिन, आज मेरी छाती ठीक है. भट्टी बंद है क्या?" 

पण दिवाळी तोंडावर येईपर्यंत जमलं. खरंच जमलं. धुराड्याशी रुमाल धरला, साठ मोजले, काढला, तर चहाच्या डागासारखा फिका पिवळट. बाबूलालने तो कपाळाला लावला. बिचाऱ्याला माहीत नव्हतं की त्यावरचा 'अ' माझ्या सासूबाईंचा आहे.

सरोज मात्र ऐकेना. फोनवर म्हणाली, "दादा, तुझ्या रुमालावर मी आईला सोडू? कुणी सरकारी माणसाने लिहून दिलं तर बघू." आणि आमच्या योजनेचे साहेब पाहणीला यायचेच होते. मी त्यांना धनतेरसच्या आदल्या दिवसाची वेळ दिली. एका दगडात दोन पक्षी मारावेत असा माझा हिशोब. असे हिशोब केले की माझं नेहमी वाटोळं होतं.

सकाळी अकराला तीन साहेब आले. बरोबर मोजमापाची पेटी. मी शेडवरून पोहोचले तर दुकानाला झेंडूच्या माळा, पिंपाला हळदकुंकू, पंख्याच्या मोटरवर नारळ. आणि भट्टीशेजारी, बरोबर आमच्या धूर ओढणाऱ्या छत्रीखाली, होमकुंड पेटलेलं. पंडितजी आहुत्या देत होते. तूप, गुग्गुळ, कापूर, ओल्या समिधा. धूर इतका की पंडितजी स्वतः दिसत नव्हते, नुसतं 'स्वाहा' ऐकू येत होतं.

"बाबूलाल, हे काय?"

"पूजा, मैडमजी. इतने बड़े साहब लोग आ रहे हैं, बिना पूजा के मशीन कैसे दिखाएँ?"

"पण भट्टीच्या बाजूलाच का?"

"पंडितजी बोले, अग्निकोण यही है."

हरिप्रसादजींना मी नजरेने विचारलं, तुम्ही कुठे होतात? त्यांच्या कपाळावर टिळा होता आणि हातात प्रसाद. यंत्रावर पहिला नारळ फोडायचा मान त्यांनाच मिळाला होता. कारखान्यातही ते विश्वकर्मा पूजेशिवाय लेथला हात लावत नसत, हे मी विसरले होते. या माणसांना दोष तरी कसा द्यायचा? त्यांनी यंत्राचा सन्मान केला होता. आणि यंत्र इतकं चांगलं होतं की त्याने होमाचा सगळा धूर इमानेइतबारे ओढून घेतला. साहेबांनी नळी लावली. पेटीवरचा काटा उठला आणि शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला.

तरुण साहेब म्हणाले, होम संपल्यावर पुन्हा घेऊ. मला जरा धीर आला. मोठे साहेब मात्र कंटाळले होते. त्यांनी दुकानाच्या मधोमध उभं राहून, सभेत विचारावं तशा आवाजात विचारलं, "फ्लू गैस का पॉइंट कौन सा है? गैस कहाँ से निकल रही है?"

बाबूलालचा चेहरा पांढरा पडला. माडीवर भांडं पडल्याचा आवाज झाला.

मग अम्माजी जिन्यावरून खाली आल्या. तोंडावर ओला पंचा. गेली दोन वर्षं आधाराशिवाय जिना न उतरलेली बाई एकटी उतरली. खाली धूरच धूर. "भागो," त्या ओरडल्या, "जलेबी छोड़ो, भागो, हवा की तरफ मत भागना." आणि माणसं पळाली हो. करोंदच्या माणसांना त्या आवाजात काय आहे ते समजतं. हमाल पळाले, अडते पळाले, पंडितजी सोवळ्यात पळाले. मोठे साहेब सगळ्यांत पुढे. एका शेतकऱ्याने मात्र जिलबी सोडली नाही, तो पुडा घेऊन पळाला. पाच मिनिटांत दुकान रिकामं, आणि रस्त्यावर मंडीतले लोक विचारतायत की काय फुटलं.

आता सांगताना हसू येतं, तेव्हाही नंतर सगळे हसलेच. पण मी एक पाहिलं होतं. अम्माजी स्वतः पळाल्या नव्हत्या. दाराशी उभं राहून एकेकाचा दंड धरून बाहेर ढकलत होत्या. मलाही ढकललं. सगळे बाहेर पडले की नाही हे पाहायला त्या वळून परत आत निघाल्या, तेव्हा मी त्यांना धरलं. कवडीचं वजन नव्हतं, आणि अंग असं थरथरत होतं की माझे दात वाजले. मला स्वतःची लाज वाटली. इतके महिने मी या बाईच्या घराला प्रयोगशाळा समजत होते.

साहेबांनी गाडीत बसून कागद भरला. 'प्रात्यक्षिक असमाधानकारक.' दुसरं काय लिहिणार? बाबूलालने सरोजला फोन करून सांगितलं की उद्या ये. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. हरिप्रसादजी टिळा पुसून पिंपातला नारळाचा काथ्या उपसत होते.

दुपारी माडीवरून निरोप आला, मराठिनला वर पाठवा.

अम्माजी पलंगावर बसलेल्या. मी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं की अम्माजी, ते 'ते' नव्हतं. होमाचा धूर होता. आणि साहेब जे म्हणाले तो नुसता धुराड्यातल्या हवेला आमच्या कामातला शब्द आहे, माझी चूक, मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. त्यांनी माझं बोलणं निम्म्यातच तोडलं.

"तू रुमाल दाखवतेस ना सगळ्यांना? साठ मोजतेस?"

"हो."

"साठ मोजून काय समजतं? मी इथे दिवसभर असते." मग ट्रंकेकडे बोट दाखवलं. "ती वरची धुतलेली साडी काढ. गच्चीवर, तुझ्या धुराड्याच्या शेजारी दोरी बांध. उद्या सकाळपासून टांग. सरोज चार वाजता येते. तेव्हा मी बघेन. काळी झाली तर मी जाते, कुणाला दोष नाही."

मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या. मोठमोठ्या साहेबांसमोर कोळशाचे निकाल वाचून दाखवले. त्या दिवशी दोरीची गाठ मी तीनदा मारून सोडली, शेवटी हरिप्रसादजींनी मारून दिली. धनतेरसचा दिवस म्हणजे भट्टी वर्षात सर्वांत जास्त पेटलेली. जिलबी, इमरती, बुंदी, घाणे संपतच नव्हते. मी खाली गट्टे मोजून घालत होते, हरिप्रसादजी तोट्या साफ करत होते, आणि बाबूलाल दर दहा मिनिटांनी रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, वर बघायचा आणि परत यायचा. पंडितजी जिलबी घ्यायला आले तर त्याने त्यांना लांबूनच हात जोडले.

साडेतीनला सरोज आली. जावई गाडी वळवून, तोंड इटारसीकडे करूनच थांबले. चारला अम्माजी आपल्या पायांनी गच्चीवर चढल्या, मी मागे. त्यांनी साडी दोरीवरून ओढली, अंगठ्याने पदर चोळला, अंगठा पाहिला. उलटी करून काठ चोळला, पुन्हा अंगठा पाहिला. मग सगळी साडी गोळा करून नाकाशी धरली आणि डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं.

"घी की बास है," त्या म्हणाल्या. "इमरती का. धुआँ नहीं है."

साडी घडी करून काखेत घेतली, कठड्यावरून वाकल्या आणि खाली जावयांना ओरडून सांगितलं, "गाड़ी का मुँह सीधा कर लो, चाय पीके जाना." मी गच्चीवरच रडले, आणि पुसायला रुमाल शोधला तर एकही पांढरा नव्हता.

आमच्या योजनेचा पुढचा टप्पा अर्थातच नामंजूर झाला. 'निर्धूम'ने नंतरही बरीच धुराडी केली, पण मोठा कारखाना काही झाला नाही, आणि भुशाचे गट्टे आज मोठ्या कंपन्या यंत्रावर पाडतात. याचं वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. वाटतं. अम्माजींनी खिडकीतल्या चिंध्या मात्र काढून टाकल्या. उलट तक्रार सुरू झाली: "पूर्वी धूर आला की कळायचं बाबूलाल उठला. आता हा कधी उठतो तेच कळत नाही." शर्मांच्या सुनेशी त्यांनी बोलणं बंद केलं, कारण आता गरज उरली नव्हती.

डॉक्टरांनी एक हिवाळा म्हटला होता, अम्माजींनी चार काढले. गेल्या त्या आपल्याच पलंगावर, खिडकी उघडी असताना. महिनाभराने बाबूलालचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी चोरासारखा म्हणाला, "मैडमजी, वो चीज़ ले ली." मी म्हटलं, बाबूलाल, बरं केलंस, आता नाव घेतलंस तरी चालेल. माझ्या इतक्या वर्षांच्या संशोधनाला एका रबरी नळीने हरवलं होतं. तरीही बाबूलालने ते नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. हातात अर्धा किलो इमरती आणि कागदात गुंडाळलेली पांढरी साडी, धनतेरसला दोरीवर होती तीच. "अम्मा बोल गई थी, मराठिन को देना. और बोली," तो अडखळला, "कि अब मर्द के रूमाल छोड़ दे."

रुमाल नवऱ्याचे आहेत हे मी कधीतरी अम्माजींना सांगून बसले होते. अरविंदनी तो निरोप ऐकला आणि ते आतून मोठी कात्री घेऊन आले. साडी टेबलावर पसरून, पट्टीने मोजून, खुणा करून त्यांनी स्वतः चौकोन कापले. अठ्ठावीस झाले. मी कापू नका म्हणाले नाही. ती ठेवून द्यायला दिलेली नव्हती.

मागच्या आठवड्यात पिपलानीच्या बाजारात एक नवी बेकरी निघाली, धुराडं पार शेजारच्या क्वार्टरच्या गॅलरीपर्यंत. मी निवृत्त आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी गेले. अम्माजींच्या साडीचा पहिला रुमाल ओला केला, साठ मोजले आणि बेकरीवाल्याच्या हातात दिला. काळा कुळकुळीत. त्याने उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "मैडम, रूमाल पहले से मैला होगा."

चौदा वर्षं मी या वाक्यावर शांत राहिले होते. त्या दिवशी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले. "हा रुमाल मैला नव्हता," मी म्हटलं. "हा दिवसभर करोंदच्या भट्टीवर टांगलेला होता, आणि मैला नव्हता."

त्याला काही कळलं नाही. मी पर्समधून दुसरा काढला.